दारामागचा टॉवेल
"मी शिवलेल्या बाहीत हत्ती लपवा, शेपूट दिसलं तर कात्री खाली ठेवीन," शिंपी म्हणाला.

लपवायचे होते लेकीचे हात. कोपरांच्या आत एक्झिमाचे लाल चट्टे होते आणि आज मुलाची आई तिला बघायला येणार होती. म्हणून त्यानं मनगटापर्यंत घट्ट बटणांचा, जाड चमकदार कापडाचा ड्रेस शिवला. डॉक्टर म्हणाले होते, सुती आणि सैल घाला, हा आजार कुणाला लागत नाही, आणि मुलीला ताण देऊ नका. हे शेवटचं घरानं फारच मनावर घेतलं. दिवसातून दहा वेळा तिला दटावायचे, ताण घेऊ नकोस, नाहीतर आणखी पसरेल, मग तुला कोण करून घेईल? ती घाबरायची. घाबरली की खाज सुटायची. खाजवलं की आत्या फूटपट्टीनं हातावर मारायची, लांबूनच.

तिचा कप वेगळा, खुर्ची वेगळी, टॉवेल दारामागच्या खिळ्यावर. दोन वर्षांत तिच्या डोक्यावरून कुणाचा हात फिरला नव्हता.

पाहुणीबाई आल्या. लेक त्या बाह्यांत उकडून निघत होती, तरी हसत होती. बाईंना ती आवडली. बाह्यांची शिवण तर इतकी आवडली की शिंपी दोन इंच उंच झाला. मग बाई तोंड धुवायला आत गेल्या. घरातले बाकीचे टॉवेल मळकट. दारामागचा मात्र पांढराशुभ्र, कारण लेक तो रोज उकळत्या पाण्यात धुवायची. बाईंनी नेमका तोच घेतला.

"अहो, तो नको, तो तिचा आहे!" आत्या किंचाळली.

"असू दे की. सुनेचाच ना?"

आत्यानं फूटपट्टीनं टॉवेल त्यांच्या हातातून उडवला. आई म्हणाली, तो जुना झालाय. शिंपी म्हणाला, त्याचा रंग जातो. पांढऱ्या टॉवेलचा.

लेकीनं बटणं ओढून पाहिली. बापानं पक्की लावली होती. मग तिनं मशीनवरची कात्री उचलली आणि डावी बाही मनगटापासून वर उभी कापत नेली.

"एक्झिमा आहे. कुणाला लागत नाही. घरच्यांना दोन वर्षं सांगतेय, आज तुम्हाला सांगते."

"लपवून ठेवलंत?" बाईंनी शिंप्याला विचारलं.

"त्यांनी ठेवलं. मी आता नाही ठेवणार," लेक म्हणाली. तिनं कात्री बापापुढे धरली. "बाबा, दुसरी तुम्ही कापा."

शिंप्यानं कात्री घेतली. पण हात धरल्याशिवाय बाही कापता येत नाही. तीस वर्षं कात्री चालवलेला माणूस ती धरून नुसता उभा राहिला. शेवटी तिनंच ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि बाही वेडीवाकडी कापली.

दुसऱ्या दिवसापासून ती सैल, सुती, अर्ध्या बाह्यांच्या कपड्यांत दुकानात पुढच्याच खुर्चीवर बसू लागली. दोन गिऱ्हाइकं परत गेली. ती उठली नाही.

तिसऱ्या दिवशी बाईंचा निरोप आला: तोंडभर लाल पुरळ उठलंय, तुमच्याच मुलीचं लागलं. घरी गेल्यावर त्यांनी फरशी पुसायच्या औषधानं सात वेळा तोंड धुतलं होतं. सध्या त्यांच्या घरी त्यांचा टॉवेल वेगळ्या खिळ्यावर असतो.