हजेरीचं पान

पुस्तक उघडताच खैराच्या झाडाचं चित्र असलेलं पान सुटून कमळाकर गुरुजींच्या मांडीवर पडलं.

गुरुजी दचकले. ही शिवण त्यांच्या देखरेखीखाली घातलेली. नेरे गावाच्या पलीकडच्या कातकरीवाडीतल्या मुलांना त्यांनी चार महिने खपून हाताने पुस्तक करायला शिकवलं होतं. कागद मधोमध दुमडायचा, घडीवर टाके घालायचे. एका कागदाची दोन पानं; एक कापलं की दुसरं सुटणारच. म्हणजे झाडाच्या जोडीचं पान कुणीतरी कापलं होतं.

ते कापलेलं पान वाडीतल्या मालूच्या आजाचं. गोऱ्या साहेबाच्या कायद्याने अख्खी जमात चोर ठरवलेली. तिचा आजा गणू कातकरी रोज संध्याकाळी पोलीस पाटलाच्या अंगणात हजेरी द्यायला उभा राहायचा. पोरांना शाळेत चिडवतील, म्हणून मालू हे कुणाला सांगत नसे. "जसंच्या तसं राहील, माझा शब्द," असं गुरुजी म्हणाले, तेव्हा कुठे ती बोलली आणि मुलांनी ते लिहून घेतलं. मग खैराच्या ढलप्या उकळून तिनेच सगळे कागद तांबूस रंगवून दिले.

आज खांदा कॉलनीतल्या हॉलमध्ये या पुस्तकाच्या प्रदर्शनाला गर्दी होती. हॉल हितेशचा. मोठा बिल्डर झाला तरी भेटेल तिथे पाया पडणारा, गुरुजींचा लाडका विद्यार्थी. मांडणीसाठी पुस्तक कालच त्याच्या हवाली केलेलं.

"हितेश, हजेरीचं पान कुठंय?"

"गुरुजी, तो पोलीस पाटील माझा पणजोबा. आमचे सगळे भाऊबंद आलेत आज. बाकी पुस्तक एक नंबर झालंय हो! झाडं, मासे, नाच... लोक फोटो काढतायत."

"अरे, मला विचारायचंस तरी!"

"तुम्ही नाही म्हणाला असतात."

"कुटं टाकलास?"

मागे मालू उभी होती, नातीचा, दिपिकाचा हात धरून. तिने सगळं ऐकलं होतं.

हितेशची नजर चहाच्या टेबलाखालच्या कचऱ्याच्या डब्याकडे गेली. "मालूताई, तुम्ही पुढे बसा ना. आत्ता तुमचा सत्कार आहे, शाल-श्रीफळ."

मालू वाकली. कागदी कप बाजूला सारून तिने चुरगळलेलं पान काढलं, पदराने चहा टिपला.

"मला ठाऊक नव्हतं गं, मालू," गुरुजी म्हणाले.

"तुमीच म्हनलात ना गुरुजी, हितेश माज्या घरचाच हाय म्हनून? तुमच्या घरचा म्हनून तो कुनाचा कोन, आमी बगितला पन नाय."

माईकवर मालूचं नाव पुकारलं, टाळ्या पडल्या. ती दाराकडे वळली होती.

गुरुजी दारापर्यंत गेले. तिथेच थांबले. रिक्षा स्टँडपाशी मालूने पान दिपिकाच्या हाती दिलं. पोरीने ते दोन्ही हातांनी ताणून धरलं आणि चालता चालता मोठ्याने वाचायला लागली. रिक्षावाले माना वळवून ऐकत होते. दारापर्यंत मात्र आवाज येत नव्हता.