शेवाळबाईचे बाबा

"बाबा, थांबा! हात नका लावू!" होडीच्या इंजिनच्या आवाजात तिचं ओरडणं काठापर्यंत पोचलंच नाही. गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या बाबांनी उलट खुशीत हात हलवला. त्यांच्या दुसऱ्या हातात बागेतलं दाताळं होतं आणि त्याला हिरव्या झिपऱ्या लोंबत होत्या.

अख्खी कॉलनी तळ्यात उतरली होती. पेपरवाला, शिंपीणकाकू, निवृत्त पोस्टमास्तर, जो तो कंबर कसून तण उपटत होता.

तळ्याच्या बुडाशी काय उगवतं याचा नकाशा करणं हे तिचं काम. सगळ्याच पाणवनस्पतींना शेवाळ म्हणू नका, हे सांगून सांगून तिच्या तोंडाला फेस आला आणि कॉलनीने तिलाच शेवाळबाई करून टाकलं. हे बाहेरून आलेलं तण पायऱ्यांपाशी पहिल्यांदा तिलाच दिसलं होतं. त्याचा बोटभर तुकडा तुटला, तरी तो वाहत जातो आणि टेकेल तिथे मूळ धरतो. कोणी तिकडे फिरकू नये म्हणून तिने भोवती पांढरे तरंगते गोळे बांधले होते. वरून जाड कापड अंथरून तण जागच्या जागी मारायचं, असं ठरलं होतं. कापड पुढच्या आठवड्यात यायचं होतं. पलीकडच्या काठाला तळ्याच्या स्वतःच्या जुन्या वनस्पती होत्या, मासे तिथे अंडी घालत. तेवढ्या वाचाव्यात म्हणून तिचा सगळा आटापिटा.

होडी काठाला लागली.

"काय शेवाळबाई, कशी काय सफाई?" पोस्टमास्तर ओरडले.

"तू खुणा करून ठेवल्यास ना, म्हणून सोपं गेलं," बाबा म्हणाले. "काल जेवताना म्हणालीस, हे सगळं तळं खाऊन टाकेल. मला झोपच लागेना बघ. सकाळी दारोदार फिरून सगळ्यांना गोळा केलं."

'हिला गवत बघायचा पगार मिळतो' म्हणून जन्मभर तिची खेचणारा हा माणूस!

तिने पाण्याकडे पाहिलं. तुकडेच तुकडे. गोळ्यांच्या बाहेर, होडीच्या मागे, वाऱ्याबरोबर पलीकडच्या काठाकडे निघालेले. जाळी घेऊन धावलं तरी किती धरणार? तिला रडू फुटायचंच बाकी होतं.

"आता नाही ना येणार परत?" बाबांनी विचारलं.

खरं ते अगदी ओठांवर आलं होतं. पण सत्तरी ओलांडलेले बाबा कुडकुडत होते आणि चेहऱ्यावर शाळकरी पोरासारखा आनंद मावत नव्हता.

"आधी बाहेर या," ती म्हणाली.

तिने त्यांना पायरीवर बसवलं. त्यांच्या पोटऱ्यांना, बोटांच्या बेचक्यांत चिकटलेले तुकडे ती एकेक वेचून पिशवीत टाकू लागली.

"अगं, राहू दे. पाय बुडवले की निघून जाईल."

"नको, बाबा." तिने त्यांचा पाय मांडीवर घट्ट धरला. "पाण्यात नका घालू."