पिंजाऱ्याची शीव

वऱ्हाडातल्या रिसोडात थंडी पडली की रहमतुल्ला पिंजाऱ्याची कमान गल्लीगल्लीत वाजायची. तांत थरथरे, कापूस फुले, त्याच्या भुवया पांढऱ्या होत. फाळणीनंतर भावाच्या नादानं तो कराचीला गेला, तेव्हा त्याची बायको जुबेदा शेजारणीच्या जात्यावर म्हणे,

वाऱ्यानं नेला बाई, माह्या बोंडाचा कापूस
रिती पाकळी उघडी, तिचं दुख नको पुसू

तिथं त्याचा जीव लागला नाही. परतायचं तर तिथलाच पासपोर्ट हाती घ्यावा लागला. घेतला, आला. राहण्याची मुदत सरली, पुढं पासपोर्टाचीही. वऱ्हाड तेव्हा नागपूरच्या सरकारात; याचं काय करायचं, हे नागपूर दिल्लीला विचारी, दिल्ली नागपूरला. तोवर तालुका सोडायचा नाही, एवढं बजावून पोलिसांनी त्याला घरी राहू दिलं.

"कोनी काही ठरवत नाही, तेच बरं हाय," ठाण्याचा जमादार दौलतसिंग म्हणाला. "गुमान पडून राह्य. सरकार इसरते."

मग ओढ्यापलीकडून पिढीजात गिऱ्हाईक हिरीबाईचा निरोप आला. सुनेला मुलगा झाला होता. त्या घरात बाळाची पहिली दुलई घरच्या पिंजाऱ्याच्याच हातची लागे. ती येईस्तोवर पोर उघड्या सुपात. हिरीबाईच्या नवऱ्याची दुलई रहमतुल्लाच्या बापानं भरली होती, मुलाची त्यानं स्वतः.

ओढ्यापलीकडं हैदराबाद राज्य लागायचं.

"जमादारानं काय सांगतलं होतं?" जुबेदानं वाट अडवली.

"अवं, मी का मुलूख सोडून चाललो? गुडघाभर पानी हाय. लेकरू थंडीत पडलं हाय तिकडं."

पलीकडं धान्याची चोरटी ने-आण धरणारा नाका होता. शिपायानं कागद मागितला. रहमतुल्लाकडं एकच कागद. शिक्क्याचा आहे, सोडतील, असं वाटून त्यानं पासपोर्ट पुसून पुढं केला.

दोन राज्यांचे पोलीस आले, तिथं दौलतसिंगाचं झाकणं संपलं. प्रकरण दिल्लीला गेलं, आणि या खेपेला दिल्लीनं कुणाला विचारलं नाही.

हद्दपारीचा हुकूम सांगायला दौलतसिंगच आला. टोपी काढून उंबऱ्याबाहेर उभा राहिला.

"नागपूरवाल्याइनं तं राहू देलं होतं ना?" जुबेदानं विचारलं.

"सरहद दिल्लीची हाय, बाई. नागपूरचं चालत नाही."

"मंग दिल्लीवाले काहून नाही आले न्याले?"

"न्याचं काम आमचं."

रहमतुल्ला हसला. "चाल बाबा. तुह्यासंगं तरी बोलता येईल वाटेनं. कराचीत तं वऱ्हाडी बोलाले कोनी भेटत नव्हतं."

जुबेदानं भाकरी बांधून दिल्या. त्यानं तिच्या हातावर हात ठेवला, आणि दौलतसिंगानं तेवढ्यापुरती पाठ फिरवली.

वाशीमहून गाडी. मग गाड्या बदलत सरहद्दीवरच्या वाळवंटापर्यंत.

दौलतसिंग परतला तो घरी न जाता आधी जुबेदाच्या दारी. ओठ फुटलेले, डोळ्यांत रेती. तिनं तांब्या दिला.

"पोचला?"

"रेघेपावतर पोचवला."

"तिकडल्याइनं घेतलं त्याले?"

दौलतसिंग पाणी पीत राहिला.

"जमादार, मी इचारून राह्यली. त्याच्या कागदाची मुदत तिकडंबी सरली होती. घेतलं का त्याले?"

"मले माहीत नाही, बाई. रेघेवरून लगेच फिराचा हुकूम होता."

"तुमी मांगं वळून नाही पाह्यलं?"

"तो आवाज देऊन राह्यला होता," दौलतसिंग म्हणाला. "म्हनून नाही पाह्यलं."