अस्वल्याची राखण

मी अस्वल्या बोलतोय. अस्वल नव्हे, कुत्राच आहे. पण रत्नागिरीजवळच्या या आमराईत मला पहिल्यांदा पाहून मालकीण मैनाकाकी अस्वलाचं पिल्लू समजून घाबरून ओसरीवर चढल्या होत्या. नाव त्यांनीच ठेवलं.

मी हिमालयातल्या भोटिया जातीचा. माझे पूर्वज मेंढपाळांबरोबर बर्फात राहिले, बिबट्यांशी झुंजले. अंगावर केसांचा दुहेरी थर, कळपावर जाताना गळ्यात काटेरी लोखंडी पट्टा. उगाच धावपळ आमच्या स्वभावात नाही. आम्ही एका जागी बसून राखतो.

आंब्याच्या राखणीला नेपाळहून येणाऱ्या हरकाने मला पिल्लू असताना इथे आणलं. वानरांनी मला भ्यावं अशी अपेक्षा होती. ते आंब्याच्या कलमावर बसून माझ्या अंगावर कोयी टाकत.

"गुरखा झोपतो, कुत्रापन झोपतो. राखन मीच करायची काय?" बागेचे मालक रावजीअण्णा कुरकुरायचे.

"तुमी बोंबलता ना, तेवडं पुरे," काकी म्हणायच्या.

पहिल्याच चैत्रात मी धापा टाकू लागलो. अण्णांनी मायेने माझे केस मुळापासून कापले. केस गेले की गारवा येतो, असं माणसांना वाटतं. उलट उन्हाने माझी कातडी भाजली.

"आवो, तो काय मेंढा हाय भादरायला?" काकी चिडल्या, आणि रोज खोबरेल लावत राहिल्या. तेव्हापासून नुसतं विंचरणं, भरपूर पाणी आणि दुपारी मोरीतलं ओलं पोतं.

हंगाम संपला की हरका विचारायचा, "अण्णा, याला घरी नेऊ? इथल्या उन्हात मरेल."

"फुडल्या वर्षी ने," अण्णांचं ठरलेलं उत्तर.

मग एका थंडीत काकी गेल्या. मुलगा विनीत मुंबईहून आला, दिवसकार्य करून परतला. त्या हंगामाच्या शेवटी अण्णा आपणहून म्हणाले, "ने त्याला. त्याला तरी जगू दे."

हरकाने मला पट्टा घातला. मी टेम्पोत चढलोसुद्धा. मग मागे पाहिलं. अण्णा ओसरीवर ताटासमोर बसले होते. घास हातातच होता. त्यांनी हाक मारली नाही. मारली असती तर बरं झालं असतं, दोष त्यांना देता आला असता.

मी उतरलो.

हरकाने पट्टा काढून खुंटीला अडकवला. "कळपात जो अधू, त्याच्यापाशीच बसणार हा."

"हितं कुठं आलाय कळप?" अण्णा म्हणाले.

हरकाने त्यांच्या हातातल्या घासाकडे नुसतं पाहिलं. मग तो एकटाच टेम्पोत चढला.

आता पुन्हा ऊन तापलंय. उठताना मागचे पाय थरथरतात, श्वास पुरत नाही. मी केलं ते बरोबर की चूक, अजून कळत नाही. अण्णा जेवतात, एवढं मात्र खरं. पहिला घास मला देतात, मग स्वतः खातात.

विनीतदादा, फोनवर तुमचा आवाज आला की मी कान टवकारतो. एकदा या. त्यांच्यासमोर ताट घेऊन बसा. मला थंडीचा वास अजून आठवतो. पण पाळी बदलायला कोणी आल्याशिवाय राखणदाराला जागा सोडता येत नाही.