एक भरीत धूर

प्रदूषण मंडळाचे साहेब रविवारी अकरा वाजता धुळ्याहून येणार, ही बातमी शनिवारी दुपारी तक्षशिलानगरात पसरली आणि कुणालाच काही सुचेनासं झालं. दोन वर्षं अर्ज करून करून लोकांच्या चपला झिजल्या होत्या. आता खुद्द साहेब येणार, तेही सुटीच्या दिवशी! विहाराचं अंगण तीनदा झाडून झालं. ज्यांनी आजवर एका अर्जावर सही केली नव्हती, तेही शर्टाला इस्त्री करून बसले.

सगळ्यात जास्त धडधड संघमित्राच्या छातीत होती. ती जळगावातल्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजात प्रयोगशाळा सहायक. प्राचार्यांच्या हातापाया पडून तिने हवेतली बारीक धूळ मोजायचं यंत्र पंधरा दिवसांसाठी मागून आणलं होतं आणि विहाराच्या गच्चीवर बसवलं होतं. जेवणाच्या डब्याएवढं ते यंत्र दर मिनिटाला आकडा पाठवायचं आणि तिच्या लॅपटॉपवर रेघ वर-खाली व्हायची. साठच्या आत असला तर आकडा बरा. विहाराच्या मागच्या भिंतीपलीकडे चुडामणशेठचं भंगाराचं गोदाम होतं. तिथे रोज पहाटे पाच ते नऊ वायरींवरचं प्लास्टिक जाळून तांबं काढत आणि त्या वेळी आकडा चारशेच्या वर जाऊन बसायचा.

हा सगळा खटाटोप आक्काबाईसाठी. ही संघमित्राची आत्या, माहेर चोपड्याकडचं. आई गेल्यावर तिनेच पोरीला वाढवलं. आता तिला घर ते नळ एवढ्या अंतरात दोनदा थांबावं लागे. डॉक्टरांनी संघमित्राला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं, "धूर थांबला नाही तर पुढच्या हिवाळ्यात यांच्या नाकाला नळी लागेल." पंधरा दिवसांची मुदत सोमवारी संपणार आणि यंत्र परत जाणार. म्हणजे जे काय व्हायचं ते रविवारीच.

रविवारी पहाटे उठून बघते तर आकाश निरभ्र! चुडामणशेठला कुणकुण लागली होती. गोदामात काडीही पेटली नाही. आकडा सत्तर. संघमित्राला रडू यायचंच बाकी होतं.

"घाबरू नको," मोतीलालनाना म्हणाले. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले नाना नगराचे कारभारी. "मागचे चौदा दिवस आहेत ना तुझ्या मशिनीत? तू ते दाखव. साहेबांची सरबराई माझ्याकडे."

सरबराई म्हणजे काय, हे तिने विचारायला हवं होतं. पण ती रेघा आणि तारखा लावण्यात गुंग. आणि खरं तर विचारायचं काय होतं त्यात? हिवाळ्यात खानदेशात पाहुणा आला आणि भरीत न खाता गेला, असं कधी झालंय?

पावणेअकराला लॅपटॉपवरची रेघ उसळली. सत्तर, एकशेवीस, दोनशे, तीनशे! संघमित्रा आनंदाने ओरडलीच, "पेटवलं! चुडामणशेठने पेटवलं!" ती धावत गच्चीच्या कठड्याशी गेली. गोदाम थंड होतं. धूर खालून येत होता. बरोब्बर यंत्राच्या खाली, विहाराच्या अंगणात, पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचा ढीग धडाडून पेटला होता आणि त्यात बामणोदची हिरवीगार वांगी फटफट फुटत होती. आणि चिमटा घेऊन जाळाशी कोण? आक्काबाई!

"आत्या!"

"काय व्हयनं वं?" आक्काबाई खोकत खोकत वर बघत म्हणाली. "साहेब येनार शे ना? मंग भरीत दुसरं कोण भाजी?"

तेही खरंच. तीस वर्षं लग्नाच्या, जत्रेच्या, निवडणुकीच्या पंगतींना भरीत भाजणारी ती बाई. तिच्यासमोर दुसरं कोणी चिमट्याला हात लावत नसे.

संघमित्रा लॅपटॉप काखेत मारून तीन-तीन पायऱ्या एकदम उतरली, आणि नेमके त्याच क्षणी फाटकातून साहेब आत आले. भूपेंद्र राजपूत. पन्नाशीचा शांत माणूस. त्यांच्या मागोमाग, न बोलावता, चुडामणशेठ! साहेबांनी लॅपटॉपवरची ताजी उसळी पाहिली, मग जाळाकडे पाहिलं. चुडामणशेठ तर खूशच झाला.

"बघा साहेब! धूर यांचा आणि नाव माझं! अहो, हे लोक रोज हेच करतात आणि आकडे माझ्या नावावर लावतात."

नानांचा चेहरा उतरला. संघमित्राला वाटलं, पायाखालची फरशी फाटावी आणि आपण आत जावं. दोन वर्षांची मेहनत दहा वांग्यांनी मातीत घातली होती.

तेवढ्यात आक्काबाई चिमटा हातात घेऊनच पुढे आली. "शेठ, रोज पहाटे पाच वाजता भरीत कोण भाजस रे? तुन्ही माय भाजे का?"

हशा असा उसळला की साहेबांनाही तोंडावर रुमाल धरावा लागला. धुळ्याचा माणूस तो. पहाटे पाचला भरीत होत नाही, हे त्याला कोणत्या यंत्राने सांगायची गरज नव्हती. पण हसू आवरून ते म्हणाले, "बाई, हशावर नोटीस काढता येत नाही. धूर इथेही आहे, हे मी डोळ्यांनी पाहतोय."

संघमित्राच्या डोक्यात तेव्हा लख्खकन काहीतरी पेटलं. "साहेब, अर्धा तास थांबा. हा जाळ विझू द्या."

पहिला घाणा उतरला. पऱ्हाट्यांची राख झाली. सगळं नगर लॅपटॉपभोवती गोळा झालं. तीनशे. दोनशे. शंभर. सत्तर! एक छोटीशी टेकडी उमटली होती पडद्यावर. संघमित्राने टेकडीखालचे आलेखाचे चौकोन मोजले. "चार. म्हणजे साहेब, एका भरिताचा धूर चार चौकोन. आता परवाची पहाट बघा. पाच ते नऊ." तिथे टेकडी नव्हती, आडवा डोंगर होता. ती मोजायला लागली आणि तिच्याबरोबर सगळं अंगण मोठ्याने मोजायला लागलं. चाळीस... चव्वेचाळीस... अठ्ठेचाळीस!

"बारा भरितं!" नाना ओरडले. "चहाच्या आधी बारा भरितांचा धूर खातो आम्ही, रोज!"

मग काय विचारता! "मंगळवार काढ!" "तेरा!" "गुरुवार?" "अकरा!" चौदा दिवस जो आकडा कुणाच्या डोक्यात शिरला नव्हता, तो आता म्हाताऱ्याकोताऱ्यांना तोंडपाठ होत होता. साहेब प्रत्येक दिवसाची वेळ आपल्या वहीत लिहीत होते. शेवटी त्यांनी चुडामणशेठला शांतपणे विचारलं, "आज पहाटे भट्टी बंद होती ना? आजच्या पहाटेची रेघ सपाट आहे. बाकीचे चौदा दिवस डोंगर आहे. याला काय म्हणायचं, शेठ?"

साहेबांनी भिंतीपलीकडे जाऊन भट्टीचे फोटो काढले, पंचनामा लिहिला आणि जाळणं आजपासून बंद असल्याचा कागद शेठच्या हातात ठेवला. परत आले तेव्हा अंगणात टाळ्या थांबत नव्हत्या. संघमित्राने नानांना मिठीच मारली. जिंकलो होतो!

"आक्का, दुसरा घाणा लावा," नाना म्हणाले. "साहेबांना गरम वाढू."

आक्काबाई जागची हलली नाही. ती लॅपटॉपसमोर उभी होती आणि त्या छोट्या टेकडीवर बोट ठेवून बघत होती.

"मित्रा, हाई एक भरीत शे ना? गच्चीवरून मोजेल?"

"हो आत्या."

"मी तं जाळना जवळ बसस." तिने जरा दम घेतला. "तीस वरीस. मंग मन्हा कितला डोंगर व्हयना व्हई वं?"

डॉक्टरांनी 'जाळ सोडा' असंही सांगितलं होतं, पण आत्यापुढे ते बोलायची तिची छाती झाली नव्हती. सगळा दोष भिंतीपलीकडे टाकणं सोपं होतं.

आक्काबाईने उत्तराची वाट पाहिली नाही. रांजणातून तांब्या भरून तिने राखेखालच्या निखाऱ्यांवर ओतला. चर्रर्र आवाज झाला. मग चिमटा नानांच्या हातात देऊन ती म्हणाली, "बाकीना वांगा गॅसवर भाजा."

गॅसवरच्या वांग्याला खानदेशात भरीत म्हणत नाहीत. आक्काबाई तर त्याला ओळखही दाखवत नसे. साहेबांनी मुकाट्याने बाह्या सरसावल्या, टोपली उचलली आणि विहाराच्या स्वयंपाकघराचा रस्ता विचारला.