डाव्या अंगानं झुकलेली आगबोट

मी एक जुनी आगबोट हाय, मित्रांनो. लढाईची. चार तोफा, एक धुराडं, दोन डोलकाठ्या, कडंनं कठडा. पन घाबरू नका, माझी लांबी पावणेदोन हात. आन पान्यात म्हनाल, तर मी आजवर एकदाबी गेले न्हाई. जी पान्यात गेली न्हाई तिला आगबोट म्हनावं का न्हाई, हे मला कळत न्हाई. मला पुष्कळ गोष्टी कळत न्हाईत. माझी किंमत किती, हे तर मुळीच कळलं न्हाई. तेच सांगाया बसलेय.

मला केलं नूरमोहम्मद फिटरनं, दापोडीला, रेल्वेलायनीपाशी एका खोलीत. लढाईत तो खऱ्या आगबोटीवर बॉयलरपाशी कामाला होता. लढाई सरली, तो घरी आला, आन माझ्या मागं लागला. नकाशा नव्हता, कागद नव्हता. खऱ्या आगबोटीवर या टोकापासून त्या टोकापतोर एकशेवीस पावलं भरायची, तेवढं त्याच्या ध्यानात होतं. मंग त्यानं गव्हाचे एकशेवीस दाने एकापुढं एक मांडले. एका पावलाला एक दाना. झालं माझं माप.

माझं अंग तुपाच्या डब्याच्या पत्र्याचं. तोफा पितळी सळया तासून केलेल्या. कठडा टाचण्यांचा, आन त्याच्या तारा सायकलच्या ब्रेकची वायर उकलून काढलेल्या, केसाएवढ्या. खऱ्या आगबोटीला पत्रे जोडायला रिबिटा असत्यात ना, त्या माझ्या अंगावर त्यानं आतून सुईनं टोचून उठवल्या. त्याची बायको गौहर लई चिडायची.

"अजी, घरात फाटलेलं शिवायला सुई न्हाई, आन तुमच्या आगबोटीला दोन हजार टाके!"

"दोन हजार चारशे," नूर म्हनायचा. "मोजल्यात."

सात वर्सं अशी गेली. शेवटी त्यानं मला सागवानी फळीवर बसवलं, ते जरासं डाव्या अंगानं झुकवून. गौहर म्हनाली, "वाकडी बसली की हो." तो म्हनाला, "बसू दे." बास, एवढंच. मला वाटलं, चुकलं असंल बिचाऱ्याचं.

मंग बावन्न सालच्या उन्हाळ्यात चाकणजवळच्या निघोजे गावावरनं सांगावा आला, गोजाबाईचा बैल गेला. गोजाबाई म्हंजे नूरच्या लढाईतल्या दोस्ताची, सयाजीची आई. सयाजी काही लढाईवरनं परत आला न्हाई. नूर तिला आईच म्हनायचा. आता तिच्या दावणीला एकच बैल उरला, आन एका बैलानं नांगर चालत न्हाई. पाऊस महिन्यावर आलेला. बैल दोनशेच्या खाली येत न्हाई, आन फिटरच्या पगारात दोनशे कुठनं यायचे?

नूरनं माझ्याकडं बघितलं. मी समजले.

आदी आला सोनबा भंगारवाला. त्यानं मला तराजूत घातलं. "पितळ पावशेर, बाकी पत्रा. चार रुपये. दोस्ती म्हनून पाच."

मंग नूर मला कॅम्पातल्या खेळण्याच्या दुकानात घेऊन गेला. दुकानदार मला खालनं वरनं बघून म्हनाला, "चावी कुठाय?"

"चावी न्हाई."

"मग चालनार कशी? चालत न्हाई, वाजत न्हाई, पोरगं काय करनार हिचं? पंधरा."

मंग खडकीचे एक रिटायर साहेब. त्यांनी भिंग काढलं. अर्धा घंटा बघत बसले. प्रत्येक दोर, प्रत्येक रिबिट. मला तर लाजल्यासारखं झालं. शेवटी म्हनाले, "फार उत्तम काम आहे. पण तिरकी आहे. अशी शंभर. सरळ करून आण, दोनशे देतो."

दोनशे! म्हंजे एक बैल. मित्रांनो, मी मनात म्हनलं, सुटला नूर. दोन स्क्रू सैल करायचे, फळीवर सरळ करायचं, पुन्हा आवळायचे. फिटरला हे काम किती येळाचं?

घरी येऊन त्यानं स्क्रूड्रायव्हर घेतला. स्क्रूला लावला. लावून तसाच बसला. चहा गार झाला. मंग स्क्रूड्रायव्हर ठिवून दिला आन म्हनाला, "न्हाई जमत." ज्या मानसाला गव्हाच्या दान्यावर आगबोट जमली, त्याला दोन स्क्रू जमंनात. मी पार चक्रावले.

शनिवारी त्यानं मला गोधडीत गुंडाळलं आन एस.टी.त बसला. चाकणचा बाजार. कंडक्टर म्हनाला, "काय हाय मांडीवर?"

"आगबोट."

"मंग येष्टीत कशाला बसला राव? मोशीला इंद्रायणी लागती, तिथनं सोडायची की!"

सगळी गाडी हसली. नूर न्हाई हसला.

कांद्याचे बडे व्यापारी शनिवारी चाकणला येत्यात, त्यातला कुनी हौशी भेटंल, असा त्याचा इचार. गोजाबाईबी तिथंच आलेली, बैल बघाया. पन व्यापाऱ्यांनी मला एक नजर दिली आन कांद्याकडं वळले. दुपार कलली. आमी गुरांच्या बाजारात कडुनिंबाखाली बसलो होतो. तिथं हिंदुराव हेडी आला. हेडी म्हंजे गुरांचा व्यापारी; त्याचाच एक तांबडा बैल गोजाबाई सकाळपासनं बघत होती. मोठ्या मिशा, खांद्यावर उपरणं.

"काय जनावर आनलंय पाव्हनं?"

"जनावर न्हाई. आगबोट हाय. लढाईची."

"म्या कधी बघितली न्हाई. पन बाजारात आली म्हंजे बघायला पायजे." आन तो माझ्यापुढं उकिडवा बसला. पुढनं तोंड बघितलं. पाठीवरनं हात फिरवला, अगदी हलका, जसा नव्या खोंडाच्या पाठीवरनं फिरवत्यात. शेपटाकडं गेला. मंग माझ्या नांगराच्या दोरापाशी थांबला.

"ही गाठ कुनी मारली?"

"मी."

"मी तीस वर्सं दावी बांधतोय, ही गाठ मला येत न्हाई." तो मागं सरकला, एक डोळा झाकला. "डाव्या अंगानं झुकलीय. लंगडी हाय का?"

भोवतीची मानसं हसली.

"पाव्हनं, हा गुरांचा बाजार हाय. हितं खोड लपवून इकत न्हाईत. मारका असला तर मारका म्हनायचं, बसका असला तर बसका. काय खोड हाय, सांग. मंग भाव बोलू."

नूरनं गोजाबाईकडं बघितलं. मंग मान खाली घालून बोलला.

"खोड न्हाई. ती अशीच होती. गोळा लागला डाव्या अंगाला. खाली पानी शिरलं. पंप चालू ठिवायला एक मानूस खाली पायजे होता. आमी दोघं होतो. सया म्हनाला, तू वर जा, तुझं लगीन झालंय. मी वर आलो. तीन दिवस आगबोट अशीच झुकून चालली, आन बंदराला लागली. सत्तर मानसं उतरली. सया न्हाई उतरला. आई, मी तुला तापानं गेला म्हनून सांगितलं होतं. ते खोटं."

कुनी हसंना. गोजाबाई पुढं आली. माझ्याशेजारी बसली. डाव्या अंगाला, खाली, बरोब्बर तिथं तिनं हात ठिवला.

हिंदुरावनं उपरणं काढलं आन नूरच्या हातावर टाकलं. हेडी लोकांचा भाव तोंडानं होत न्हाई, मित्रांनो. उपरण्याखाली बोटं धरायची, दाबायची, सोडायची. बाकी जगाला कळता कामा नये. उपरण्याचं एक टोक माझ्या डोलकाठीवर पडलं होतं, तरी मला काय दिसलं न्हाई. कापड हलत होतं. एकदा नूरनं हात मागं ओढला, हिंदुरावनं पुन्हा धरला. मंग कापड थांबलं.

"झाला सौदा," हिंदुराव म्हनाला. "तो तांबडा सोडा आन म्हातारीच्या हातात कासरा द्या."

गोजाबाई उठली न्हाई. "मला बैल नको."

"आई!" नूर म्हनाला.

"नको म्हनते न्हवं! माझं पोर हिच्या पोटात हाय. हिला हेडीला इकतोस व्हय रं नुरा? एका बैलावर करीन मी. सावडीनं करीन, दुसऱ्याचा बैल जोडीला घेऊन. हिला न्हाई देनार."

"मावशे," हिंदुराव म्हनाला, "हात सोडला का सौदा मोडत न्हाई. चाकणच्या बाजारात मी आजवर मोडला न्हाई, आन आता मोडनार न्हाई. बैल तुझा, आगबोट माझी."

गोजाबाईनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, आता हा मला उचलनार आन दावणीला बांधनार.

तर हा बाबा उपरणं झटकत म्हनतो कसा, "पन माझ्या गोठ्यात जागा न्हाई. तवा ही मी तुझ्याकडं अर्धलीनं ठिवतो. संभाळ तू करायचा, नजर मी ठिवनार. आन पिल्लं झाली तर निम्मी माझी."

गोजाबाई पदराआडनं हसली. रडतबी होती. दोन्ही एकदम कसं करतात, तेबी मला कळलं न्हाई.

तेव्हापासनं मी निघोज्याला हाय, दान्याच्या कनगीवरच्या फळीवर. तांबडा बैल बाहेर, मी आत. दर पोळ्याला हिंदुराव येतो, बैलाच्या आदी माझ्याकडं बघतो, "झालं का पिल्लू?" इचारतो आन चहा पिऊन जातो. नूर आला का तेलाचा हात माझ्या कठड्यावरनं फिरवतो. गोजाबाई मात्र डावीकडचीच बाजू पुसती. उजवीकडं धूळ साचती, तर साचू दे.

भाव काय ठरला, ते दोघंबी सांगत न्हाईत. नूर म्हनतो, हात सोडला का इसरायचं असतं. भंगारवाल्याचे पाच खरे, का साहेबाचे दोनशे खरे, का उपरण्याखालचा आकडा खरा, मी आजून घोटाळ्यातच हाय.

पन मित्रांनो, एक मागनं हाय. तुमच्याबी घरात एखादी जुनी वस्तू असंल, जरा वाकडी, जरा झुकलेली. तिला धूळ लागली तर पुसा. पन सरळ कराया स्क्रूड्रायव्हर उचलाल, तर आदी घरातल्या म्हाताऱ्या मानसाला इचारा, ही अशी का हाय. ते मानूस गप बसलं, तर तुमीबी त्याच्याजवळ गप बसा. सांगंल ते.