बिनटायमाचा भोंगा

मी भोंगा बोलतोय. दचकू नका, आज हळूच बोलणार आहे. सध्या माझा मुक्काम नरोलीच्या एका धागा कंपनीच्या गच्चीवर असला, तरी मला घडवलं ते जहाजासाठी. पितळेचं अंग आणि आत पोलादाची पातळ चकती. हवेचा दाब आला की ती थरथरते आणि मी बोलतो. स्वभावाने मी तोंडाळ आहे, हे आधीच सांगून टाकतो.

मला एका मोठ्या क्रूझ जहाजावर बसवलं होतं. आभाळ स्वच्छ असलं की मला कोणी विचारत नसे. धुकं उतरलं की मात्र कप्तान मला कामाला लावी. एक लांब हाक, मग जरा थांबायचं, मग पुन्हा हाक. 'मी इथे आहे, सांभाळून या', एवढाच तिचा अर्थ.

पण प्रवाशांना तो कसा कळणार? खालच्या केबिनमध्ये माझा आवाज म्हणे कानाआधी गादीतून येई, वर कोणी कपाट सरकवत असल्यासारखा. डेकवर उभ्या असलेल्यांच्या छातीत तो घुमे, आणि कोणत्या बाजूने आला तेच त्यांना उमगत नसे. नवी जोडपी हसत. म्हातारी माणसं देवाचं नाव घेत. एक गृहस्थ तर काउंटरवर जाऊन भांडले, "सुट्टीत हे रेड्याचं रेकणं ऐकायला आलो का आम्ही?" एका बाईंनी घाबरून जीवरक्षक जाकीटच चढवलं. तेव्हा वेटर त्यांना म्हणाला, "मॅडम, हा वाजतोय तोवर काळजी नाही. गप्प झाला तर घाबरा." माझी बाजू घेणारा तेवढा एकच भेटला.

पुढे जहाज थकलं, भंगारात निघालं आणि हात बदलत मी इथे आलो. आता गोकुळ नावाचा धुळ्याकडचा ऑपरेटर मला पाळी बदलताना वाजवतो. समोर रस्ता आणि रस्त्यापलीकडे कामगारांच्या भाड्याच्या खोल्या. तिथे माझ्या आवाजावर स्वयंपाक चालतात, आंघोळी उरकतात. एकाच खाटेवरून दिवसपाळीवाला उठतो आणि रातपाळीवाला आडवा होतो. आणि तिथला एक अलिखित नियम आहे. भोंगा अवेळी वाजला, तर आत अपघात झाला असं समजायचं आणि गेटकडे धावायचं.

हा नियम आमच्या सदाशिव साहेबांना ठाऊक नव्हता. ते ऑफिसात असतात, मूळचे कोकणातले, नव्यानेच आले होते. गेल्या थंडीत एका सकाळी दमणगंगेवरून असं धुकं आलं की गेटच दिसेना. रस्त्यावर ट्रक, त्यात खेरडीहून कामगारांची बस यायची होती. साहेब बायकोबरोबर कधीतरी क्रूझला जाऊन आले होते, तिथला धुक्यातला भोंगा त्यांच्या लक्षात होता. ते गोकुळला म्हणाले, "वाजव. गाड्या जरा जपून येतील."

किती वर्षांनी मला माझी खरी भाषा बोलायला मिळाली! मी जीव ओतून हाका मारू लागलो. पण करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. पलीकडच्या खोल्यांची दारं धडाधड उघडली. विकी नावाचा एक कामगार आत मशीनवर होता. त्याची पोटुशी बायको सोनी अनवाणीच धुक्यात धावत सुटली, थेट ट्रकच्या रस्त्यावर. मागून तिची सासू कमळाबाई ओरडत होती, "सोनी, थांब वं!" मला वरून दोघी दिसत नव्हत्या, फक्त ऐकू येत होत्या. मग ब्रेक करकरला. माझ्या आतली चकती फुटली असती तर बरं, असं वाटलं मला.

धुकं जरा विरळ झालं तेव्हा दिसलं, सोनी ट्रकच्या तोंडाशी उभी होती, धडधाकट. ड्रायव्हर घामाघूम होऊन म्हणत होता, "भोंगा सुना तो लगा गेट आ गया, इसलिए गाड़ी धीरे की थी."

विकी पळत बाहेर आला.  सोनीने त्याचे दोन्ही हात धरले, उलटेपालटे केले आणि एकेक बोट चाचपून पाहिलं.

"काई नही व्हयनं मले," तो म्हणाला. तेव्हा कुठे ती रडली.

सदाशिव साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "चुकलं माझं. गोकुळ, धुक्यात पुन्हा कधीच वाजवायचा नाही."

सोनीने डोळे पुसले. "नाही सायब, वाजू द्या. बिनटायमाचा भोंगा म्हणजे कोनाचा तरी हात गेला, असंच समजतो आम्ही. पन तो वाजला म्हनूनच गाडी हळू झाली. फक्त अगोदर सांगत जा आम्हाला."

मग दोन वेगळे आवाज ठरले आणि कमळाबाईच खोलीखोलीत ते सांगत फिरल्या. लांब हाक आणि मध्ये थांबा, म्हणजे धुकं. तुटक तुटक ओरड, म्हणजे अपघात. मीही मनाशी पक्कं ठरवलं, की या दोन आवाजांत कधी गल्लत होऊ द्यायची नाही.

आता मी जुना झालोय. चकती झिजली आहे, कडेला गंज धरतोय. डोकमर्डीच्या नव्या इमारतींतून तक्रारीही येतात. त्यांना हात जोडून सांगतो, पाळीचा भोंगा हवा तर बंद करा, धुक्यातला करू नका. आणि ड्रायव्हरदादा, माझी हाक आली की पाय ब्रेकवर असू द्या. कोणी शिव्या घालो, कोणी कानात बोळे घालो, धुकं आहे तोवर मी बोलणार.

त्या सकाळनंतर पुन्हा तसंच धुकं पडलं, तेव्हा मी पहिली हाक दिली आणि कान देऊन बसलो. एकही दार उघडलं नाही. गेटवर डबा द्यायला आलेल्या कमळाबाईंना गोकुळने विचारलं, "मावशी, सोनी घाबरनी नही ना?"

"नही रे भो," कमळाबाई म्हणाल्या. "गाढ निजेल शे ती."